इंजिन स्टँड घेताना आधी चाके बघा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

जुन्या मोटारी हौसेने पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या मंडळींवर आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. फक्त शेवटच्या चौकटीत इंजिन स्टँडबद्दल, म्हणजे गाडीतून काढलेले इंजिन धरून फिरवायच्या चाकांवरच्या लोखंडी खांबाबद्दल, एकच ओळ होती: इंजिनाच्या वजनापेक्षा जास्त किलोचा स्टँड घ्यावा, म्हणजे काळजी नाही. काळजी आहे, आणि ती किलोंमध्ये मोजून भागत नाही, म्हणून हे पत्र.

आधीच सांगून टाकते, वागळे इस्टेटमध्ये आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी सांभाळते. शेड, मशीनचे बेस, सोसायट्यांची गेटं ही पोटापाण्याची कामे. इंजिन स्टँड अधूनमधून. तेव्हा 'बाईंना ऑर्डरी हव्यात' असे कुणाला वाटले, तर त्याने खुशाल दुसऱ्या गाळ्यातून करून घ्यावा. मापे खाली देतेच आहे.

येणारी मुले बहुतेक फियाटवाली. कुर्ल्याला बनलेली, १०८९ सीसीची, चार सिलिंडरची. पूर्वी असे इंजिन जाम झाले की लोक दुसरे कुठले तरी टाकून मोकळे व्हायचे. आता २०२१ च्या केंद्राच्या नियमामुळे पन्नाशी ओलांडलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरे मिळतात. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणून जुनी फियाट डिलाइट असलेला माणूस मूळ इंजिनच खोलायला बघतो, आणि मोबाइलवर स्टँडचा फोटो घेऊन माझ्यासमोर उभा राहतो. "ताई, पाचशे किलोचा करून द्या." मी विचारते, इंजिन किती किलोचे? ते सांगता येत नाही. पण स्टँड पाचशेचाच हवा.

स्टँडची प्लेट इंजिनाच्या मागच्या तोंडावर बसते, जिथे गिअरबॉक्सचे बेल हाऊसिंग, म्हणजे त्याचे घंटेसारखे तोंड, लागते. तिथून पुढे सगळे इंजिन अधांतरी. भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा. पाणी तेवढेच, खांदा मात्र वेगळे सांगतो. समजा इंजिन १२० किलोचे आहे आणि त्याचा भारमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटल्यासारखे असते ती जागा, प्लेटपासून ३० सेंटिमीटर पुढे आहे. प्लेटपाशी वाकवणारा जोर झाला ३६ किलोग्रॅम-मीटर. नेमके बोल्ट मिळाले नाहीत म्हणून कुणी लांब बोल्ट आणि १५ सेंटिमीटरचे स्पेसर (मधल्या नळ्या) घातले, की तोच जोर ५४ झाला. इंजिन एका ग्रॅमनेही वाढलेले नाही. विकणारे खांबावर '४५० किलो' असे स्टिकर लावतात. भार प्लेटपासून किती अंतरावर धरून, ते एकही लिहीत नाही. त्या अंतराशिवाय या आकड्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

तरीही लोखंड तुटण्याची भीती फारशी नाही. ६० बाय ६० मिमीचा, ४ मिमी जाडीचा चौकोनी पाइप हा जोर आरामात घेतो. ८.८ ग्रेडचा १० मिमीचा एक बोल्ट तीन टनांहून अधिक ताण सोसतो, आणि इथे वरच्या दोन बोल्टांत मिळून येतात जेमतेम दोनशे किलो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण 'खांब वाकेल का, बोल्ट तुटेल का' एवढेच विचारतो. स्टँड कुशीवर पडेल का, हे कुणी विचारत नाही, आणि होते तेच.

बाजारातल्या स्वस्त स्टँडला तीन चाके असतात. मागे दोन, पुढे मधोमध एक. पुढची दांडी ८० सेंटिमीटर, मागची रुंदी ७५. इंजिनाचा भारमध्य पुढच्या चाकाच्या मागे साधारण ३० सेंटिमीटरवर येतो. तीन चाकांचा त्रिकोण त्या जागी उरतो २८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना चौदा-चौदा. इंजिन जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच धरले, तर नऊ-दहा अंशांचा कल मिळाला की संपले. पुढे दोन्ही कोपऱ्यांना चाके दिली की हाच हिशेब पंचवीसेक अंशांवर जातो. खर्चात फरक किती? एक जास्तीचे चाक, पुढची आडवी पट्टी आणि थोडे वेल्डिंग. शिवाय इंजिन काही मधोमध तोललेले नसते. एका अंगाला मॅनिफोल्ड, स्टार्टर राहिलेले असतात. म्हणजे ते चौदा सेंटिमीटरही पुरते हातात नाहीत.

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतला मुलगा असाच ऑनलाइन मागवलेला स्टँड आमच्याकडे घेऊन आला होता. पार्किंगमध्ये ढकलताना पुढचे बारके चाक पावसाच्या पाण्याच्या जाळीत अडकले आणि स्टँड आडवा. पाय वाचला, डिस्ट्रिब्युटर गेला. त्याला वाटत होते की वेल्ड कच्चा आहे. वेल्ड अगदी ठीक होता. आम्ही पुढे आडवी पट्टी जोडून दोन टोकांना चार इंची चाके दिली, एवढेच. बारके चाक पार्किंगच्या फरशीच्या सांध्यातसुद्धा अडते, मोठे चाक ओलांडून जाते. पुढची दोन न वळणारी ठेवावीत, मागची दोन वळणारी आणि ब्रेकवाली. चारही वळणारी केली तर चाक आत फिरते आणि तेवढी रुंदी कमी होते.

ज्याला बनवून घ्यायचा आहे त्याच्यासाठी दोन-तीन गोष्टी, ज्या फोटोत दिसत नाहीत. खांब सरळ काटकोनात उभा करू नये. तीनेक अंश मागे कललेला हवा, कारण प्लेटचा पाइप ज्या नळीत फिरतो त्या बुशमध्ये थोडा ढिलेपणा असतो, भार आला की प्लेट पुढे झुकते आणि इंजिन नाक खाली घालून बसते. खांबाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना गसेट, म्हणजे तिकोनी आधारपट्टी, हवेच. फिरणाऱ्या पाइपसाठी साधा शिवणीचा पाइप बाहेर वापरू नये. त्याच्या आतून वेल्डची रेघ गेलेली असते, आतला पाइप तिच्यावर अडतो. मग लोक आतला घासून सैल करतात आणि इंजिन डुलायला लागते. सीमलेस (बिनशिवणीचा) घ्या, लेथवर एक हात फिरवून घ्या, बुश किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा. लॉकची पिन आरपार जाणारी असावी. नुसता आवळायचा बोल्ट चालत नाही.

प्लेट इंजिनावर लावताना फिरण्याचा मध्य क्रँकच्या (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) सरळ रेषेत घेण्याचा मोह होतो. भारमध्य बहुधा क्रँकच्या थोडा वर असतो. फिरण्याचा मध्य भारमध्याहून किंचित वर घ्यावा, म्हणजे पिन काढल्यावर इंजिन गरकन उलटत नाही, जड बाजू खाली राहते. हेड उतरवले की हा तोल पुन्हा बदलतो. तेव्हा पिनला हात लावण्याआधी फिरवायचा दांडा दुसऱ्या कुणीतरी धरलेला असावा.

आणि आटे. फियाट इटालियन, त्यामुळे आटे मिलिमीटरचे. जुन्या अॅम्बॅसडरला आणि जीपला इंची. फियाटचा स्टँड मित्राकडून अॅम्बॅसडरसाठी आणला आणि सोबतचे बोल्ट पाना लावून जबरदस्तीने फिरवले, तर ब्लॉकचे आटे जातात. तो बिडाचा ब्लॉक मग कुठे शोधणार? गिअरबॉक्स उतरवताना निघालेला बोल्ट खिशात घालून दुकानात जावे आणि त्याच्या आट्यांचा, हवा तेवढा लांब बोल्ट घ्यावा. आत जाणारे आटे बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी हवेत.

आमच्याकडचे जुने वेल्डर, सगळे त्यांना मामा म्हणतात, या सगळ्यावर हसतात. त्यांच्या मते जुना टायर आडवा टाकावा, त्यावर इंजिन ठेवावे, काम करावे. गॅरेजवाल्यासाठी ते खरेही आहे. त्याचे इंजिन दोन दिवसांत परत गाडीत जाते, टायर फुकटचा आणि तो कधी आडवा होत नाही. मला तर वाटते, ज्याला फक्त रिंगा आणि बेअरिंगा बदलायच्या आहेत त्याने स्टँडच्या भानगडीत पडूच नये, टायर बरा. पण रविवारी-रविवारी काम करणाऱ्याचे इंजिन महिनोन् महिने उघडे राहते. हेड एका महिन्यात, चेंबर (खालचे तेलाचे भांडे) दुसऱ्या महिन्यात, मग क्रँक ग्राइंडिंगला जाऊन येईपर्यंत ब्लॉक तसाच. तो उलटा-सुलटा करायला दर वेळी दोन माणसे गोळा करणे सोसायटीत जमत नाही. अशा माणसाला स्टँड लागतो.

ऑनलाइन विकणाऱ्यांना एवढीच विनंती, की किलोच्या आकड्याशेजारी अंतर छापा आणि पुढच्या चाकांची रुंदी द्या. आपणही पुढची चौकट छापताना ही दोन मापे विचारून घ्यावीत.

लेखात नसलेली एक गोष्ट जाता जाता. फ्लायव्हील आणि क्लच स्टँडवर असताना बसवता येत नाहीत, कारण प्लेट नेमकी त्यांच्या जागी असते. ते काम इंजिन चेन ब्लॉकवर (साखळीच्या कप्पीवर) लटकवून, प्लेट काढल्यानंतरच होते. इंजिन उतरवून झाले म्हणून भाड्याचा चेन ब्लॉक लगेच परत केलेली मुले शेवटी इथेच अडकतात आणि मग माझ्या गाळ्याचा मागतात. शनिवारी संध्याकाळी नेऊन सोमवारी सकाळी परत आणला, तर माझी हरकत नसते.

आपली,
एक फॅब्रिकेटर,
वागळे इस्टेट, ठाणे (पश्चिम)