पोटात जायचं कुटार पायाखाली काहून टाकायचं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर मागे जनावरांच्या अंथरुणाबद्दल आलं होतं, की पावसाळ्यात कोठा कोरडा ठेवायसाठी गव्हांडा (गव्हाचं काड) नाहीतर तणीस (धानाचं काड) जाड अंथरा. कोठा कोरडा पाहिजे हे एकदम बरोबर. पण आमच्या आर्वी तालुक्यात अंथरायला गव्हांडा आहे कुठं? ज्वारी गेली न सोयाबीन आलं तेव्हापासून कडबा दिसत नाही, गहू हार्वेस्टरनं काढला की काड वावरातच राहते आणि तणसासाठी भंडारा-गोंदियाकडं जावं लागते, तिकडून गाडी आणायची म्हणजे भाडंच परवडत नाही. उरलं सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, त्यावर तर ढोरं उन्हाळा काढतात. ते पायाखाली टाकलं तर मे महिन्यात गव्हाणीत काय टाकायचं, हे पण लिहायला पाहिजे होतं.

माझ्याकडं दोन गवळाऊ जातीच्या गाई, एक म्हैस आणि बैलजोडी आहे. एक मोठं जनावर दिवसाला ८-१० लिटर तरी मुतते आणि जनावराच्या अंगातून जे नत्र बाहेर पडते त्यातलं अर्ध्याच्या आसपास मुतातच असते, पालाश तर त्याहून जास्त. म्हणजे खाली काही नसलं तर खताचा अर्धा माल नालीनं वाहून जाते आणि इकडे आपण युरियाच्या बॅगसाठी रांगेत उभे. आणि पोळ्यापर्यंत कोठ्यात चिखल राहिला की खुरं सडतात, माश्या-डास वाढतात, २०२२ ला लम्पी आला तेव्हा माश्या-डास काय करतात ते आपण सगळ्यांनी डोळ्यानं पाहिलं.

मी काय काय वापरून पाहिलं ते सांगतो. तीन वर्षांआधी आरामशीनवरून लाकडाचा भुसा आणला. पाणी मस्त पिते, नरमही असते, पण मी आणलेला भुसा ओला होता आणि तसाच अंथरला, ही चूक माझीच. आठ-दहा दिवसात म्हशीला दगडी (कासदाह, म्हणजे कासेची सूज) झाली, ट्रीटमेंट केली तरी एक सड कायमचा बंद पडला. डॉक्टर म्हणाले ओल्या भुशात कासदाहाचे जंतू पोसतात, दुधाच्या जनावराखाली टाकायचाच तर खडखडीत वाळवून टाका आणि मागच्या बाजूचा रोज बदला. फर्निचरवाल्याकडचा भुसा तर मी घेतच नाही, त्यात प्लायवूड न पॉलिशचं काय काय येते.

धानाचा कोंडा (वरचं तूस) पाहुण्याकडून आणला होता. पाय घसरत नाही, लवकर दबत नाही, पण एकटा कोंडा ओल धरत नाही आणि खतात लवकर कुजत नाही, दुसऱ्या कशात मिसळला तरच कामाचा. रेती जंतूच्या हिशोबानं चांगली, पण आता रेती मिळते कुठं, आणि ती शेणात मिसळून वावरात गेली की खताचा डेपो काय कामाचा. रबर मॅट बसायला आरामाची आहे पण ओल पीत नाही, रोज धुवावी लागते, मार्च-एप्रिलमध्ये प्यायच्या पाण्याचे वांधे असतात तिथं मॅट कशानं धुणार?

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहून राहिलो ते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं! कापूस निघाला की आपण ती उपटतो, थोडी चुलीला ठेवतो न बाकी धुऱ्यावर पेटवून देतो. नाहीतर घरामागं ढीग लावतो आणि त्यातल्या किडक्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी आरामात पुढच्या हंगामापर्यंत बसून राहते, २०१७ ला तिनं काय हाल केले ते विसरलो का आपण? मी मागच्या दोन वर्षांपासून भाड्याचं श्रेडर आणून पऱ्हाटी बारीक करून ठेवतो. एकदा काढलेला चुरा टोचते, जनावर बसत नाही, म्हणून दोनदा काढायचा. तरी मी तो खालीच टाकतो, चार बोटं जाड, आणि वरून मोहाचा, पळसाचा वाळलेला पालापाचोळा. मोहफुलं वेचायसाठी झाडाखालचा पाला जाळतात ना, त्यात जंगलाला आग लागते, तोच पाला झाडून पोत्यात भरून आणला तर दोन्ही कामं होतात. वासरांसाठी मात्र उन्हात वाळवलेला बारदानाच, ते नाजूक असतात. ओलं झालेलं रोज सकाळी काढतो, नवीन टाकतो, वास एकदम कमी झाला. घरच्या मंडळींचा झाडझूड करायचा अर्धा त्रास गेला, हे त्या स्वतः सांगतात.

ते काढलेलं सगळं खत कुजवायच्या नाडेपच्या टाक्यात जाते. आपल्याच पुसदच्या नाडेप काकांची पद्धत, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, शेण थोडं न काडीकचरा जास्त, मुताचं भिजलेलं अंथरूण त्याला एकदम जमते. पण पऱ्हाटी लाकडासारखी असते, घाई करू नका. मी पहिल्या वर्षी कच्चंच वावरात टाकलं न तेवढ्या ओळींमधलं पीक पिवळं पडलं, कारण कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःच ओढून घेतात. आता वर्षभर ठेवतो, मधात एकदा पालटतो.

अडचण श्रेडरची आहे. आमच्या भागात एका गटाच्या अवजार बँकेत ते अनुदानातून आलं, पण चालवणारा नाही म्हणून ताडपत्रीखाली उभं आहे, मला दुसऱ्या गावावरून भाड्यानं आणावं लागते आणि तोपर्यंत अर्ध्या गावाची पऱ्हाटी जळून जाते. पऱ्हाटी उपटायच्या महिन्यात गावोगाव तारीख ठरवून मशीन फिरवलं, डिझेलचा खर्च शेतकऱ्यानं दिला तरी लोक तयार आहेत, मी दहा-बारा जणांना विचारलं. तुमच्या वार्ताहरांनी प्रत्येक तालुक्यात किती श्रेडर आले आणि त्यातले किती चालू आहेत एवढं विचारून छापावं ही विनंती. आमच्याकडं आता शेवटची वेचणी सुरू आहे, महिनाभरात धुऱ्यावर धूर दिसायला लागेल, त्याच्या आधी छापलं तर बरं होईल.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा