सुरू न होणारा ट्रॅक्टर : आधी तपासणी, मग खर्च

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सुरू न होणाऱ्या ट्रॅक्टरविषयी आपल्या शेतीविषयक पानावर आलेले मार्गदर्शन वाचले. विषय उपयोगाचा आहे. मात्र त्यात सांगितलेला तपासणीचा क्रम मला उलटा वाटला आणि शेवटी सुचवलेली एक युक्ती तर जिवावर बेतणारी आहे, म्हणून हे पत्र.

लेखाची सुरुवातच बॅटरी बदलण्यापासून होते. वास्तविक पहिला प्रश्न असा हवा की, किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरते की नाही. फिरतच नसेल तर दोष बहुधा विजेच्या बाजूला असतो, आणि जोमाने फिरूनही पेटत नसेल तर डिझेल, हवा किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याकडे) वळावे लागते. बॅटरीवर संशय असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. पूर्ण चार्ज असलेली 12 व्होल्टची बॅटरी काही तास न वापरता ठेवल्यावर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल मारताना, म्हणजे किल्लीने स्टार्टर (इंजिन फिरवणारी विजेची मोटर) चालवताना, हा आकडा साडेनऊच्याही खाली घसरला, तर बॅटरी डिस्चार्ज तरी झालेली असते किंवा निकामी तरी. तो टिकून राहिला आणि तरीही स्टार्टर मंद फिरत असेल, तर बॅटरी निर्दोष समजून टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवट भुकटी, सैल झालेल्या पट्ट्या आणि विशेषतः चासीला (ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्याला) जोडलेली अर्थिंगची वायर पाहावी. या अर्थिंगकडे सर्वांत कमी लक्ष जाते, असा माझा अनुभव आहे. टर्मिनल साफ करण्यासाठी सोडवताना निगेटिव्ह आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी लावावे, म्हणजे पाना चुकून चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

किल्ली फिरवूनही काहीच आवाज येत नसेल, तर क्लच, गिअर किंवा पीटीओला (अवजारांना इंजिनाची ताकद देणाऱ्या दांड्याला) जोडलेला सुरक्षा स्विच तपासावा. क्लच पूर्ण दाबला नाही, गिअर न्यूट्रलला नाही किंवा पीटीओ चालू राहिला, तर असा स्विच स्टार्टरपर्यंत वीज पोहोचूच देत नाही. ट्रॅक्टर बिघडला असे समजून मेकॅनिकला बोलावले जाते आणि कारण एवढेच निघते.

इथेच त्या युक्तीचा प्रश्न येतो. स्टार्टरचे दोन बोल्ट पेचकसाने जोडून इंजिन फिरवावे, असे लेखात म्हटले आहे. याने सेल लागतो हे खरे; पण सुरक्षा स्विच वगळला जातो आणि माणूस जमिनीवर, बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या अगदी पुढे उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन पेटताच तो पुढे सरकतो, आणि बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. अनुभवी मेकॅनिकही ही सवय सोडत नाहीत, हे दुर्दैव आहे.

इंजिन फिरते पण पेटत नाही, या बाजूला लेखाने फारच थोडी जागा दिली आहे. सेल मारताना सायलेन्सरमधून धूरच येत नसेल तर डिझेल पोहोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, पण जळत नाही. पहिल्या स्थितीत इंजिन बंद करण्याचा नॉब ओढलेलाच राहिला नाही ना, हे आधी पाहावे. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल किंवा नुकताच फिल्टर बदलला असेल, तर लाइनमध्ये हवा धरलेली असते. फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत इंजिनावरचा डिझेलचा हातपंप मारावा आणि पंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांजवळ मात्र हात नेऊ नये. तिथल्या दाबाने डिझेल कातडीतून आत घुसते. सेलही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे, अन्यथा डिझेलच्या दोषापायी स्टार्टर जळतो.

पेचकसाच्या युक्तीबाबतचा खुलासा आपण त्याच पानावर, ठळकपणे छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक ट्रॅक्टरधारक वाचक