‘फुल सर्व्हिस केलेले’ म्हणजे नेमके काय?

महोदय,

कपाटातून निघालेली जुनी एचएमटी मनगटावर बांधायची हौस अलीकडे पुन्हा दिसू लागली आहे. जनता, पायलट, सोना ही नावे तरुण मुलेही सराईतपणे घेतात, याचा आनंदच आहे. पण ही घड्याळे विकणारे आणि दुरुस्त करणारे ‘फुल सर्व्हिस केलेले’ हे शब्द ज्या सढळ हाताने वापरतात, त्याबद्दल गिऱ्हाइकाला सावध करणे गरजेचे वाटते. सर्व्हिस म्हणजे मशीन पूर्ण खोलणे. बाकी सगळी धूळ झटकणे आहे.

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ साली घड्याळांचा कारखाना काढला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आज मिळणारा मशीनचा मूळ सुटा भाग एकतर जुन्या साठ्यातला असतो, नाहीतर दुसऱ्या घड्याळातून काढलेला. त्यामुळे चुकीच्या हाताने बिघडलेले मशीन पूर्ववत करणे दिवसेंदिवस अवघड होणार आहे.

जनता, पायलटमध्ये नेहमी सापडणारे ०२३१ हे चावीचे मशीन तसे सोशिक. घर्षण कमी करणारे सतरा खडे, तासाला १८,००० ठोके. म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४,३२,०००. बॅलन्सच्या, म्हणजे पुढेमागे झुलणाऱ्या चाकाच्या, दांड्याचे टोक, ज्याला आम्ही पिव्हट म्हणतो, ते साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे बारीक. तिथले तेल वाळले, की त्याचा चिकट गोंद होतो, त्यात धूळ मिसळते आणि ते मिश्रण पॉलिश पेपरसारखे पोलाद खात राहते.

आता तासाभरात मिळणारी ‘सर्व्हिस’ पाहा. मागचे झाकण उघडायचे, मशीन न खोलता पांढऱ्या पेट्रोलमध्ये बुचकळायचे, हवा मारायची, चार ठिकाणी तेलाचा थेंब सोडायचा. घड्याळ लगेच टुणटुणीत चालते, कारण गोंद सैल झालेला असतो. पण मेनस्प्रिंगचा, म्हणजे चावीचा जोर साठवणाऱ्या स्प्रिंगचा, डबा बंदच राहतो. सुटलेला मळ बाहेर न जाता खड्यांच्या भोकांत जाऊन बसतो, आणि जिथे वरून तेल पोहोचत नाही तिथले पिव्हट कोरडे फिरू लागतात. काही आठवड्यांनी घड्याळ रात्री मागे पडते, मग पहाटे थांबते. तोवर पिव्हटवर चर पडलेली असते.

नीट कामाची सुरुवात स्प्रिंगचा जोर उतरवण्यापासून होते. चावी बोटांत धरून क्लिक, म्हणजे स्प्रिंगला उलगडू न देणारी खिट्टी, बाजूला करायची आणि चावी हळूहळू उलटी फिरू द्यायची. हे विसरून पॅलेटचा, म्हणजे चाकांना ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या आकड्याचा, पूल काढला, तर भरलेली स्प्रिंग चाके गरागरा फिरवते. पिव्हट मोडतो, दात जातात. मग काटे काढायचे. डायलवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवूनच, नाहीतर ओरखडा कायमचा. नंतर डायल, बॅलन्स, पॅलेट, चाके, डबा. डबा उघडून मेनस्प्रिंग बाहेर काढायची. ती टेबलावर मोकळी सोडल्यावर ऐसपैस पसरली पाहिजे; घट्ट वेटोळे करूनच बसली, तर ती थकलेली आहे, बदलावी.

धुताना एक चूक फार होते. पॅलेटचे दोन खडे आणि बॅलन्सखालचा खडा लाखेने बसवलेले असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे भाग पांढऱ्या पेट्रोलमध्येच धुवावेत. बॅलन्सच्या टोकांवरचे पॅराशॉकचे (धक्क्यापासून बचाव करणाऱ्या रचनेचे) झाकणखडेही काढून साफ करायचे असतात. त्यांची स्प्रिंग इतकी चिमुकली, की चिमट्यातून उडाली तर शोधण्यात संध्याकाळ जाते. म्हणूनच पुष्कळजण ती उघडतच नाहीत.

तेल कमी पडण्यापेक्षा जास्त झाल्याने बिघडलेली घड्याळे अधिक. बॅलन्स आणि वेगाने फिरणाऱ्या चाकांना पातळ तेल, डब्याच्या आणि मधल्या चाकाच्या आसांना दाट, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. पॅलेटच्या खड्यांच्या टोकाला थेंबाचा अंश पुरे; पॅलेटच्या पिव्हटना तेल द्यायचेच नाही. शिवणयंत्राचे किंवा खोबरेल तेल चालते असे सांगणाऱ्याकडून घड्याळ परत घ्यावे.

घड्याळ अचानक तासाला काही मिनिटे पुढे पळू लागले, तर बहुधा हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगला, तेल लागून वेटोळी एकमेकांना चिकटली आहेत, किंवा तिच्यात चुंबकत्व शिरले आहे. मोबाइलच्या चुंबकी कव्हरवर आणि स्पीकरवर घड्याळ ठेवू नका. चुंबकत्व उतरवणे काही सेकंदांचे काम आहे, त्यासाठी सर्व्हिसचे पैसे देऊ नयेत. ‘चावी जास्त दिली म्हणून बंद पडले’ हे तर जुने लोणकढी निदान. चावी अडेपर्यंत भरणे हेच बरोबर. थांबण्याचे कारण बहुधा वाळलेले तेल असते.

ऑनलाइन विक्रेते हल्ली टाइमग्राफरचा, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राचा, फोटो टाकतात. त्यात ‘दिवसाला +३ सेकंद’ पाहून भुलू नका. नियंत्रकाची दांडी सरकवून मरगळलेल्या मशीनचाही वेग शून्यावर आणता येतो. पाहायचा तो बॅलन्सचा झोका, म्हणजे ते एका बाजूला किती अंश फिरते ते. पूर्ण चावी देऊन, डायल वरच्या बाजूला येईल असे घड्याळ आडवे ठेवून तो २७० अंशांच्या आसपास असावा. जुन्या मशीनला २४० मिळाले तरी चांगले, २०० च्या खाली असेल तर काम झालेलेच नाही. ‘टिक’ आणि ‘टॉक’ या ठोक्यांतला फरक एक मिलिसेकंदाच्या आत हवा. चावीची बाजू खाली येईल असे घड्याळ उभे धरून घेतलेला फोटो आणि चोवीस तासांनंतरचा फोटोही मागा. इथेच बरेच विक्रेते गप्प होतात. या वयाच्या मशीनने दिवसाला वीस-तीस सेकंद इकडेतिकडे केले, तर मात्र तक्रार करू नये.

डायलचा विषय वेगळा. गर्द नारिंगी, जांभळ्या, पोपटी डायलीची बहुतेक ‘नवी कोरी’ एचएमटी नंतर रंगवलेली असते. भिंगाने अक्षरांच्या कडा पाहा: शाई फुटलेली, मिनिटांच्या रेघा टोकाला जाडबारीक, मधल्या भोकाच्या कडेला रंगाचा थर. रंगवलेली डायल वापरणे गैर नाही. ती मूळची म्हणून विकणे गैर आहे. खुद्द केसही बफिंगवर धरून तिच्या कडा गोल केलेल्या असतात, आणि मुलामा उडाल्यावर घामाने पितळ खाल्ले जाते.

घड्याळ दुरुस्तीला देताना पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मशीन पूर्ण खोलणार का, मेनस्प्रिंग तपासणार का, आणि डायल-काट्यांना हात लावणार का. खऱ्या कामाला हातात दोन-तीन तास लागतात, आणि नंतर निरनिराळ्या स्थितींत चार-पाच दिवस चालवून पाहावे लागते. त्यामुळे आठवडा मागणाऱ्या कारागिरावर रागावू नका. बदललेला प्रत्येक जुना भाग मात्र पुडीत बांधून परत मागा.

– घड्याळ दुरुस्ती व्यवसायातील एक कारागीर, पुणे