दोन टक्क्यांचा हिशोब

चि. चिऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू एका दमात म्हणालीस, "बाबा, वाकडचा फ्लॅट ६० लाखांना विकला तर एजंटचे दोन टक्के म्हणजे १ लाख २० हजार, वर १८ टक्के जीएसटी धरला तर १ लाख ४१ हजार ६००. दार उघडून घर दाखवायचे एवढे पैसे?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. गणित तर तुझं बरोबरच होतं.

डोंबिवलीचा फ्लॅट विकला तेव्हा तू हॉस्टेलवर होतीस. मीही असाच हट्टाला पेटलो होतो. गॅलरीच्या ग्रिलला पुठ्ठा बांधला, 'फ्लॅट विकणे आहे', खाली नंबर. फोन आले, पण निम्म्याहून अधिक दलालांचेच. "काका, पार्टी तयार आहे." ती पार्टी काही कधी दिसली नाही.

मग एक जोडपं खरंच आलं. बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून नवऱ्याला म्हणाल्या, "हा ओटा फोडायलाच लागेल." आई शेजारी त्यांच्यासाठीच चहा गाळत होती. तो कडप्पा तिने चार दुकानं फिरून पसंत केलेला. तिने गाळणं खाली ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "मग घेताय कशाला?" झालं, चहा तसाच राहिला. पुढच्या वेळी माती मी खाल्ली. गृहस्थांनी किंमत विचारली, मी आकडा सांगितला आणि लगेच जोडलं, "बसून बोलू, थोडं कमी-जास्त होईल." त्यांनी अजून बेडरूमही पाहिली नव्हती, आणि मी स्वतःच उतरायला लागलो होतो.

चार महिन्यांनी एजंट धरला. त्याने आधी काय केलं असेल? आम्हा दोघांना घराबाहेर काढलं. "गिऱ्हाईक आलं की तुम्ही फडके रोडला चक्कर मारून या." ओट्याबद्दल लोक त्याच्यासमोरही बोललेच असतील, पण तो ओटा त्याचा थोडाच होता! किमतीचा विषय निघाला की तो म्हणायचा, "मालक ऐकत नाहीत हो." आणि मालक तिकडे बायकोबरोबर भेळ खात उभे. मला विचारशील तर त्याचे दोन टक्के याचेच.

पण म्हणून त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नकोस. भाव एक लाखाने वाढला तर तुला लाख मिळतात, त्याला दोन हजार. तेवढ्यासाठी तो आणखी महिनाभर कशाला पायपीट करेल? त्यामुळे बरी ऑफर आली की तो तुलाच खाली ओढायला लागतो, "मार्केट थंड आहे, ताई." आमच्या वेळी तो मला किमतीतले दीड लाख सोडायला लावत होता. मी तीन आठवडे गप्प बसलो, ८० हजारांवर मिटलं. शिवाय तो समोरच्याकडूनही दलाली घेतो, म्हणजे तो नक्की कुणाचा माणूस हे त्यालाही सांगता यायचं नाही.

आणि कागद तर त्याच्या हातात मुळीच देऊ नकोस. सोसायटीने ट्रान्स्फरचे ५० हजार मागितले तेव्हा हाच म्हणाला, "देऊन टाका, नाहीतर अडकवतील." महापालिका हद्दीत हस्तांतरणाचा प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही, तसा २००१चा सरकारी आदेशच आहे. मी त्याची झेरॉक्स कमिटीपुढे ठेवली. वाद झाला, पण २५ हजारांतच भागलं.

आता तुझ्या वाकडच्या घराचं. तू बंगळुरूला, त्यामुळे दार उघडायला मीच जाणार, आणि माझी घासाघीस तू वर वाचलीसच. तरी आधी तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाक. आपल्या माणसांना जवळ आणू पाहणारं कुणी ना कुणी तिथे असतं. असं गिऱ्हाईक मिळालं तर एजंट नकोच, वकील पुरे. तीन आठवड्यांत काही हललं नाही तर एजंट धरू, पण एकच. पाच जणांना दिलं की एकच फ्लॅट पाच भावांनी फिरतो आणि लोकांना वाटतं, यांना पैशांची घाई आहे. टक्का आधी ठरव आणि लिहून घे. त्याचे अर्धे पैसे करार रजिस्टर झाल्यावर, अर्धे शेवटचा हप्ता खात्यात आल्यावर. टोकनवर दमडी द्यायची नाही. कुणी "थोडं रोखीत घेऊ" म्हणालं तर तिथेच थांबव. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो.

किंमत ५० लाखांच्या वर असल्याने घेणारा एक टक्का टीडीएस कापेल, तेव्हा ६० हजार कमी आले म्हणून दचकू नकोस. ते तुझ्या पॅनवर जमा होतात. घर २०१६चं असल्याने नफ्यावरचा कर साडेबारा टक्क्यांनी भरायचा की इंडेक्सेशन घेऊन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून, वीस टक्क्यांनी, हे सीएकडून दोन्ही पद्धतींनी मांडून घे.

मूळ करारनामा आणि त्याच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू, माझ्या कपाटात आहेत. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मात्र सापडत नाही. गेल्या दिवाळीत तू हिरव्या फाईलमध्ये काहीतरी घालून नेलं होतंस, त्यात बघ. ते मिळेपर्यंत कुणालाही हो म्हणू नकोस.

आई विचारते आहे, बाल्कनीतला कपडे वाळवायचा पुलीचा स्टँड काढून आणायचा, की तोही घराबरोबरच द्यायचा. तिला आणायचाय, हे तुला कळलंच असेल.

तुझे,
बाबा