छप्पन एपीओ नावाचं गाव

नागपूर,
११ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुला अर्धवटच सांगितलं आणि तू म्हणालास, "सविस्तर लिही." तर लिहायला बसलो आहे. अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडवलेत, प्रेसची कामं थंडावलीत, आणि घरात आंबिया बहाराची संत्री आलीत. पत्र लिहायला याहून बरा दिवस मिळायचा नाही.

उपक्रम साधा आहे, एक फिरतं प्रदर्शन. फौजेतून निवृत्त झालेला एक माणूस आणि एक डिझायनर अशा नऊ जोड्या. प्रत्येक जोडीला एक काळी लोखंडी पेटी. तुझ्या बाबांची होती तशीच, पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव रंगवायची. त्या माणसाच्या नोकरीतलं जे काही दाखवायचं ते दोघांनी मिळून घडवायचं, पण ते त्या पेटीत मावलं पाहिजे. पेट्या टेम्पोत चढणार आणि वर्धा, यवतमाळ, अमरावती करत पुढे गोंदियाला जाणार. अमेरिकेत २००७ पासून 'कॉम्बॅट पेपर' नावाचं काम चालतं. तिथे माजी सैनिक स्वतःच्या वर्दीच्या चिंध्या करतात, त्यांचा लगदा करून कागद बनवतात आणि त्या कागदावर छापतात. ते वाचून आमच्यातल्या एकीला हे सुचलं.

माझ्या वाट्याला आलेले काका कामठीला राहतात. आर्मी पोस्टल सर्व्हिसमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. खरं सांगतो, चिठ्ठीवर 'पोस्टल' वाचून माझा चेहरा उतरला होता. शेजारच्या मुलीला रणगाड्यावरचे रिसालदार मिळाले आणि मला टपालवाले! त्या उतरलेल्या चेहऱ्याची आज मला मनापासून लाज वाटते.

कामठी म्हटलं की आपल्याला गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आठवतं. आर्मी पोस्टल सर्व्हिसचं सेंटरही तिथेच आहे, हे इतकी वर्षं नागपुरात राहून मला ठाऊक नव्हतं. १ मार्च १९७२ ला तिची सैन्यात स्वतंत्र कोअर झाली. काकांना ही तारीख विचारावी लागत नाही. स्वतःच्या लग्नाची मात्र काकूंना विचारतात.

सैनिकाच्या पत्त्यात गाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. छप्पनची डाक दिल्लीला जमते, नव्व्याण्णवची कोलकात्याला. तिथून थैल्या ज्या त्या फील्ड पोस्ट ऑफिसात जातात. उलट येणाऱ्या पत्रावरच्या शिक्क्यातही फक्त त्या ऑफिसचा नंबर. माणूस राजस्थानात आहे की लडाखात, हे पाकीट सांगत नाही. काका म्हणाले, "माय मले विचारे, हे छप्पन एपीओ कोन्या जिल्ह्यात येते रे? मी म्हनो, दूर आहे माय. मरेपर्यंत तिले ते गावच वाटलं."

तुला आठवतं ना? सहावीत असताना आपणही महाल भागातल्या तुमच्या घराच्या ओसरीवर नकाशावही उघडून ५६ एपीओ शोधलं होतं. तुझ्या आईने ते पाहिलं, काही बोलली नाही, आणि आत जाऊन चहा ठेवला. काकांच्या मायचं ऐकलं तेव्हा तीच ओसरी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

मी पहिलं डिझाइन केलं ते कसं असेल, तू ओळखशीलच. बर्फाचं शिखर, हेल्मेट, तिरंगा, खाली जाड ठशातलं अक्षर. काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "फोटो चांगला आहे बाबू. पन यात मी कुठी आहो?" एवढंच. मी ते तिथेच गुंडाळलं आणि पुढचे तीन रविवार कागदाला पेन्सिल लावली नाही. नुसता जाऊन बसत होतो.

१९९९ च्या उन्हाळ्यात ते कारगिलच्या बाजूला एका फील्ड पोस्ट ऑफिसात होते. रात्री कंदिलाच्या उजेडात थैली फोडायची आणि खणाखणांत युनिटवार पाकिटं लावायची. अक्षरं पाठ झाली होती, म्हणतात. एक बाई पत्त्यातला प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर लिहायची. एका म्हाताऱ्याचं पोस्टकार्ड नेहमी दुसऱ्याच कुणी लिहिलेलं असायचं आणि खाली अंगठा. राखीचं पाकीट बोटांना आधी कळतं, मध्ये गाठ लागते. त्या वर्षी लढाई २६ जुलैला संपली आणि राखी आली ऑगस्टच्या शेवटी. ज्या नावांवर पाकिटं येत होती त्यांतली काही नावं तोवर काकांना वेगळ्या यादीतून माहीत झाली होती. "पाकीट हातात घेतलं की वजन कळे," एवढं म्हणून ते उठले आणि कुंड्यांना पाणी घालू लागले. मी पुढे विचारलं नाही.

न विचारणं या कामात फार मोठं आहे, मित्रा. आमची एक जोडी दुसऱ्याच भेटीत तुटली. डिझायनर मुलाने त्या नायकसाहेबांना विचारलं, "तुम्ही किती मारले?" ते चहा अर्धा ठेवून निघून गेले, पुन्हा आले नाहीत. मुलगा वाईट नाही. आपण सगळे शौर्यकथाच ऐकत वाढलो, दुसरा प्रश्नच कुणी शिकवला नाही. त्यांची पेटी आम्ही रिकामीच ठेवली आहे, पण ती टेम्पोतून सगळीकडे येणार. हा माझा हट्ट होता आणि तो टिकला. पैसे देणाऱ्यांपैकी एकांना मात्र प्रत्येक पेटीमागे तोफांचा आवाज हवा होता. त्यावर तास दीड तास वाद झाला. शेवटी आवाज गेला आणि त्यांचे थोडे पैसेही गेले. काकांना हे कळल्यावर त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं.

आता आमची पेटी. झाकण उघडलं की आत लाकडी खण, छप्पन, डाक लावायचे असतात तसे. सुताराने दोनदा चुकवले, तिसऱ्यांदा काकांनी स्वतः बसून करवून घेतले. खणांत पाकिटं ठेवायची होती. मी म्हटलं, जुन्या पाकिटांच्या नकला छापतो, कागद चहात बुडवून पिवळा करतो. काकांनी ठाम नकार दिला. "छापलेलं अक्षर सारखं असते. सारख्या अक्षराले कोन ओळखते?" मग ठरलं की प्रत्येक पाकिटावर वेगळ्या माणसाने हाताने पत्ता लिहायचा.

पंधरा दिवस मी कोरी पाकिटं घेऊन हिंडलो. बर्डीच्या चहावाल्याकडून, धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडून, आमच्या धुणंवाल्या मावशींकडून, ट्यूशनच्या पोरांकडून लिहून घेतले. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना पाकिटावर पत्ता कुठे लिहायचा तेच ठाऊक नाही, तिकिटाची जागा सोडत नाहीत. मावशींनी आधी हात धुतले, मग पेन घेतलं. आपण कॉलेजात चार वर्षं अक्षराचे आकार घोटले. पण माणूस कुणाला तरी पोचावं म्हणून अक्षर काढतो तेव्हा ते कसं होतं, हे मी या पंधरा दिवसांत पाहिलं. प्रदर्शन जिथे जिथे जाईल तिथल्या लोकांकडूनही एकेक पाकीट घेणार आहोत. खण भरत जातील.

काकूंचंही सांगायचं राहिलं. त्यांनी काकांची सगळी पत्रं बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहेत. दोन-दोन ओळींची आहेत. "मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवा." मी काकांकडे पाहिलं तर म्हणाले, दिवसभर दुसऱ्यांची पत्रं हाताळल्यावर स्वतःचं काय लिहावं ते सुचत नसे. काकू म्हणाल्या, "दोन ओळी तर दोन ओळी, अक्षर तं त्यांचंच होतं ना." तो डबा पेटीत ठेवायची परवानगी त्यांनी दिली, झाकण मात्र बंदच ठेवायचं या अटीवर.

आता जे मागायला हे पत्र लिहितो आहे ते. तुझे बाबा त्याच उन्हाळ्यात तोफखान्यात वर होते. तू आणि आई त्यांना दर आठवड्याला लिहायचात. मी काकांना विचारलं, ती पाकिटं तुमच्या हातून गेली असतील का? ते खूप वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हजारो होती बाबू. खोटं कसं सांगू?" गेली असतील असं ते सहज म्हणू शकले असते. मला बरं वाटलं असतं, तुलाही.

बाबांची पेटी तुझ्याकडे पुण्याला आहे, मला माहीत आहे. ते गेल्यापासून तू ती उघडली नाहीस हेही माहीत आहे. उघडावीस असं वाटलं आणि आत तुमच्या हातचं एखादं पाकीट सापडलं, तर ते आमच्या एका खणात ठेवू दे. आतला मजकूर काढून घे, तो तुमचा आहे. मला फक्त वरचा पत्ता हवा. नाही जमलं तर कोऱ्या पाकिटावर तोच पत्ता पुन्हा एकदा लिहून पाठव. नंबर तुला अजून पाठ असेल.

टेम्पो २२ तारखेला सकाळी वर्ध्याला निघतो. काका म्हणत होते रजिस्टरने मागव, मग त्यांनाच आठवलं की १ सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठव. कुरिअरने नको, काकांना चालणार नाही. पिनकोड ४४००१०.

आईंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
नागपूरचा मित्र