काकू, त्या दिवशी तुम्ही नुसत्या बसून राहिलात त्याबद्दल

काकू, हे तोंडावर बोलायला आलो असतो तर तुम्ही "पुरे रे" म्हणून दार लावून घेतलं असतं, मला माहितीये, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. रागवायचं तर वाचून झाल्यावर रागवा.

त्या दिवशी घरात मी आणि पोरगा दोघंच. त्याने दोरीवरचा टॉवेल ओढला, त्यात मधमाशी बसलेली, आणि तळहातावर अंगठ्याच्या खाली चावली त्याला. असा काही किंचाळला की तुम्ही खालच्या मजल्यावरून वर आलात आणि मी अजून पाकीट शोधत होतो. का, तर कुठेतरी वाचलेलं की काटा चिमटीत धरायचा नाही, विष दाबलं जातं, एटीएम कार्डाने खरवडून काढायचा. तुम्ही दारातूनच म्हणालात, "कार्ड कशाला, पैसे काढायचेत का?" आणि त्याचा हात धरून नखाने सट्कन काढला सुद्धा. खरं सांगतो, तेव्हा मला राग आला होता. म्हटलं इतकी वर्षं नर्स होत्या आणि एवढं माहीत नाही?

रात्री तो झोपल्यावर वाचत बसलो आणि कान पकडले. माशी उडून जाते पण काट्याबरोबर विषाची पिशवी कातडीत राहते, आणि ती पिशवी माशीशिवायही आपलीआपण पंप मारत राहते, पहिल्या 20 सेकंदात बहुतेक सगळं विष आत जातं, मिनिटभरात तर खेळ खलास. 1996 साली लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात काही संशोधकांनी लिहिलेलं आहे, त्यांनी मुद्दाम डंख घेऊन मोजलं, खरवडून काढा नाहीतर चिमटीत धरून काढा, सूज तेवढीच. फरक पडतो तो उशिराने, तोही काही सेकंदांच्या. मी पाकीट शोधण्यात किती सेकंद घालवले ते मोजत नाही आता.

मग तुम्ही गॅलरीचं दार लावलंत. मला वाटलं पोरगा घाबरलाय म्हणून. पण चावलेल्या जागेतून एक वास सुटतो म्हणे, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि तो बाकीच्या माशांना बोलावणं असतं. त्याच्या हातातलं घड्याळ तुम्ही लगेच काढलंत तेही मला उगाचच वाटलं होतं, संध्याकाळी मनगट सुजल्यावर कळलं, तो पट्टा तेव्हा कापावाच लागला असता.

साबण लावून धुतलं, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरला, थोडं थांबून परत, हात उशीवर उंच. बस. मी टूथपेस्टची ट्यूब घेऊन उभा होतो तर म्हणालात "दात घासून ये जा." विष कातडीच्या आत गेलंय, वरून पेस्ट लावा की सोडा लावा, तिथपर्यंत पोचतं कुठे ते! खाजेच्या औषधाचं पण तुम्ही अंदाजाने सांगितलं नाहीत, डॉक्टरांना फोन करून त्याच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते विचारायला लावलंत.

पण काकू, मला आभार मानायचेत ते यातल्या कशाचे नाहीत, ते नंतरच्या तासाचे.

काटा निघाला, पोरगा शांत झाला, मला वाटलं आता तुम्ही जाल. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. मला किती वाजले ते कागदावर लिहायला लावलंत आणि गाडीची चावी खिशात ठेव म्हणालात. मग त्याला शाळेतल्या गमती विचारत बसलात, मधेच शर्ट वर करून पोट बघा, पाठ बघा, ओठ बघा. मला वाटलं लाड चाललेत. तुम्ही त्याचा आवाज ऐकत होतात! घोगरा होतोय का, बोलताना दम लागतोय का, हाताला चावलंय पण पित्त उठावं तशा गांधी पाठीवर उठतायत का, उलटी, चक्कर काही. असलं काही म्हणजे अंगभर ॲलर्जी उठल्याची खूण, ती बहुतेक वेळा पहिल्या तासाभरातच दिसते, आणि दिसलं तर बर्फ-बिर्फ सोडून ॲम्ब्युलन्स, त्याला आडवं झोपवून पाय वर, धाप लागली असेल तर बसतं करून, आणि मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. खाजेची गोळी ते काम करत नाही. हे सगळं तुम्ही मला तास संपल्यावर सांगितलंत, आधी सांगितलं असतंत तर मीच चक्कर येऊन पडलो असतो आणि तुम्हाला दोन पेशंट झाले असते.

दुसऱ्या दिवशी सूज कोपराच्या दिशेने सरकली तेव्हा सकाळी सातला फोन केला त्याबद्दल सॉरी. पू झाला, आत काहीतरी पिकलं असं काहीबाही बोललो असेन. तुम्ही झोपेतच सांगितलंत की दुसऱ्या दिवशी सूज वाढते, 48 तासांपर्यंत वाढू शकते, उतरायला आठवडा पण लागेल, ताप आला किंवा दोन-तीन दिवसांनी लाली अजून पसरत, गरम होत चालली तर डॉक्टरांकडे ने. सहाव्या दिवशी उतरली. आणि हो, या वेळी काही झालं नाही म्हणजे पुढच्या वेळीही होणार नाही असं धरून चालू नकोस, हे तुम्ही दोनदा बजावलंत ते लक्षात आहे. परत चावली तर घड्याळ बघून एक तास त्याच्यासमोर बसणार.

एक राहिलंच. तुम्ही त्याला सांगितलंत ना, की गांधीलमाशीचा काटा जवळजवळ गुळगुळीत असतो म्हणून ती परत परत चावते, पण मधमाशीच्या काट्याला उलटे दात असतात, तो निघताना तिचं पोटच फाटतं आणि ती मरते. तेव्हापासून त्याचा माशीवरचा राग गेलाय. गॅलरीत कोपऱ्यात एक मेलेली सापडली, तीच असणार असं त्याने ठरवलंय, काडेपेटीत कापूस घालून ठेवलीये. तुम्हाला दाखवायचीये त्याला, काटा तुटलेली जागा दिसते का ते तुमच्या चष्म्यातून बघायचंय. रविवारी घरी आहात का?