थेंब एकट्या सिरॅमिकमुळे घडत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पीझोइलेक्ट्रिक, म्हणजे वीज दिल्यावर आकार बदलणाऱ्या पदार्थावर चालणाऱ्या, यंत्रणेने द्रवाचे सूक्ष्म थेंब कसे सोडतात, यावरील आपल्या विज्ञान पुरवणीतला लेख वाचून आनंद झाला, कारण या विषयावर मराठीत फारसे लिहिले जात नाही. मात्र ‘व्होल्टेज कमी-जास्त केले की हव्या त्या आकाराचा थेंब मिळतो’ हे त्यातील विधान अपुरे आहे आणि याच कामात बरीच वर्षे घालवल्यामुळे त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

काही स्फटिक दाबले की त्यांवर वीजभार येतो, हे जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवले. याच्या उलटही घडले पाहिजे, म्हणजे वीज दिल्यावर स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे, हे गाब्रिएल लिपमन यांनी पुढच्याच वर्षी गणिताने मांडले आणि क्यूरी बंधूंनी ते प्रयोगाने पडताळले. आज सर्रास वापरले जाणारे लेड झिर्कोनेट टायटनेट हे सिरॅमिक व्होल्टेज दिल्यावर जेमतेम हजारात एक भाग हलते. एवढ्याशा हालचालीने थेंब बाहेर पडतो तो द्रवात उठणाऱ्या दाबाच्या लाटेमुळे. नोझलमागच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या बारीक छिद्रामागच्या, कोठीची भिंत सिरॅमिकमुळे आधी किंचित बाहेर सरते. त्याने उठलेली लाट कोठीच्या टोकाला जाऊन परत येते, आणि ती परतत असतानाच भिंत आत दाबली गेली तर दोन लाटा एकमेकींना बळ देतात. ही वेळ काही मायक्रोसेकंदांनी चुकली तरी तेवढ्याच व्होल्टेजमध्ये थेंब मंदावतो किंवा मुळी पडतच नाही. लाटेचा वेग द्रवावर ठरतो, त्यामुळे द्रव बदलला की पल्सची, म्हणजे व्होल्टेजच्या प्रत्येक झटक्याची, लांबीही नव्याने शोधावी लागते.

आमच्याकडे एकदा पाण्यावर जुळवलेली यंत्रणा तशीच ग्लिसरीन मिसळलेल्या द्रावणासाठी वापरली गेली. थेंब पडत होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. नंतर स्ट्रोब, म्हणजे झपाट्याने लुकलुकणाऱ्या, दिव्याखाली पाहिले तेव्हा थेंबामागे लांबच लांब शेपटी ताणली जात होती, ती तुटून मागे बारीक उपथेंब उरत होते आणि ते भलतीकडे जाऊन पडत होते. दुसरा त्रास हवेच्या बुडबुड्याचा. तो कोठीत अडकला की दाबाची लाट तोच गिळून टाकतो; सिरॅमिक नेहमीसारखे थरथरत राहते, पण नोझलमधून काहीही येत नाही.

५० मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबात सुमारे ६५ पिकोलिटर (एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग) द्रव मावतो. तो एकेकटा तोलता येत नाही. पाण्याचे असे एक लाख थेंब मोजून तराजूवर सोडले तर भरतात साधारण साडेसहा मिलिग्रॅम, आणि तेवढ्या वेळात बाष्पीभवनाने किती गेले याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. छायाचित्रावरून व्यास मोजणे सोपे वाटते, पण व्यास दहा टक्के जास्त धरला गेला की घनफळ तेहतीस टक्क्यांनी फुगते. म्हणूनच दोन्ही पद्धतींची उत्तरे जुळल्याशिवाय मी कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

या पद्धतीचे मोल मला कमी लेखायचे नाही. बुडबुडा तापवून शाई फेकणाऱ्या प्रिंटरप्रमाणे येथे द्रवाला उकळी आणावी लागत नाही, त्यामुळे उष्णतेने बिघडणारी प्रथिने किंवा जिवंत पेशीही अशा नोझलमधून सोडता येतात. पण नेमक्या याच उपयोगात मात्रेतली चूक सर्वांत महाग पडते. तेव्हा अशा यंत्रणेविषयी लिहिताना थेंबाचे घनफळ कोणत्या द्रवावर, किती तापमानाला आणि कोणत्या पद्धतीने मोजले, हे आपल्या लेखकांनी आकड्याशेजारीच नमूद करावे, ही आग्रहाची विनंती.

आपला,
थेंबांच्या मोजमापाचे काम करणारा एक वाचक